रिठा, पावडर आणि विहिरीचे पाणी

कपडा स्वच्छ झाला म्हणजे धुणे संपले, अशी आपल्या सर्वांची समजूत असते. वस्तुतः मळ नाहीसा होत नसतो. तो कपड्यातून निघून पाण्यात जातो आणि त्याच्याबरोबर तो काढण्यासाठी वापरलेले द्रव्यही जाते. हे पाणी पुढे कोठे मुरते, याचा विचार करण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. ज्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या घर तेथे विहीर अशी स्थिती होती, त्या प्रदेशाने तरी हा प्रश्न दृष्टीआड करू नये, असे आम्हांस वाटते.

गोव्यातील काही शहरी भाग सोडल्यास सांडपाण्याच्या भूमिगत वाहिन्या सर्वत्र पोहोचलेल्या नाहीत. खेड्यापाड्यांतील न्हाणीघराचे आणि धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात, गटारात किंवा सरळ परसात जाते. आपली जमीन जांभ्याची आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे वर ओतलेले पाणी खाली झिरपावयास वेळ लागत नाही. मृगापासून हस्तापर्यंत पर्जन्यराजा सारे धुऊन नेतो हे खरे. परंतु शिमगा उलटला की ओहोळ आटतात, विहिरी तळ गाठतात, आणि थोड्या पाण्यात पुष्कळ घाण हे गणित सुरू होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ज्या ३५१ नदीपट्ट्यांना प्रदूषित ठरविले, त्यांत या चिमुकल्या राज्यातील ११ पट्टे होते. त्या दूषणाचे मुख्य कारण मैलापाणी आहे, धुण्याचा साबण नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. तथापि एक मोठे पाप दुसरीकडे आहे म्हणून आपले लहान पाप पुण्य ठरत नाही.

धुण्याच्या पावडरीचा इतिहास आपल्याकडे फार जुना नाही. १९५९ साली 'सर्फ' भारतीय बाजारात आली. १९६९ साली अहमदाबादेत 'निरमा'चा उद्योग सुरू झाला आणि स्वस्त पावडर सामान्यांच्या घरी पोहोचली. त्यापूर्वी रिठा, शिकेकाई, चुलीतील राखेचे निवळ पाणी, धुण्याचा सोडा आणि साबणाची वडी यांवर घरे चालत. पावडरीने गृहिणीचे कष्ट हलके केले. धुण्याच्या दगडावर कपडे आपटून ज्यांचे खांदे दुखले, त्यांना जुन्या काळाचे गोडवे ऐकविण्याचा अधिकार, ज्याने कधी पिळा पिळला नाही अशा पुरुषास तर मुळीच नाही.

परंतु या सोयीची किंमत जगाला लवकरच कळून आली. प्रारंभीच्या कृत्रिम धावणद्रव्यांचे जीवाणूंकडून विघटन होत नसे. १९५० नंतरच्या दशकात युरोपातील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला व १९६४ पासून तो अमलात आणला. अमेरिकेतील कारखानदारांनी १९६५ च्या सुमारास विघटनक्षम द्रव्य स्वीकारले. मग लक्षात आले की पावडरीतील फॉस्फेट हे पाण्यातील शेवाळाचे खत ठरते. शेवाळ माजते, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे तडफडून मरतात. युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती धुलाईच्या पावडरीतील फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. आपल्याकडे १९९१ पासून 'इकोमार्क' योजना आहे. पण ते चिन्ह घ्यावयाचे की नाही, हे उत्पादकाच्या मर्जीवर आहे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. पावडरीत फॉस्फेट, सोडा, झिओलाइट यांसारखी द्रव्ये मुख्यतः पाण्याचा जडपणा मारण्यासाठी घालतात. जड पाण्यातील चुना व मॅग्नेशियम साबणाला फेस येऊ देत नाहीत, उलट त्याचा चिकट साका करतात. दख्खनच्या कित्येक भागांत ही अडचण खरी आहे. पण समुद्रालगतच्या मचूळ विहिरी वगळल्या, तर आपल्या जांभ्याच्या विहिरींचे पाणी बहुतांशी मृदू असते. म्हणजे दुसऱ्या मुलखातील पाण्याच्या रोगावरचे औषध आपण विकत घेतो आणि निरोगी पाण्याला पाजतो. मृदू पाण्यात खोबरेल तेलाची साधी साबणवडीही उत्तम चालते, आणि रिठा तर चालतोच चालतो.

रिठा ही काही अडगळीतली वस्तू नव्हे. सोनार आजही दागिना उजळावयास रिठ्याचे पाणी घेतो. पैठणी, शालू, देवाचे पीतांबर, पूजेचे रेशमी सोवळे आणि लोकरीच्या शाली यांना जाणती माणसे पावडर लावीत नाहीत. फळाच्या गरात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे पाणी धाग्यात शिरते आणि मळ सुटतो. या वृक्षाच्या 'सॅपिंडस' या शास्त्रीय नावाच्या मुळाशीच साबण या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. कृती सोपी आहे. आठदहा रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफले रात्रभर भिजवून सकाळी पाव तास उकळावीत, कुस्करून फडक्यातून गाळावे. हे पाणी दोनचार दिवसांत आंबते, म्हणून बेताचेच करावे.

तथापि रिठ्याची भलावण करताना त्याच्या मर्यादा लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेलकट, ग्रीस लागलेल्या कपड्यांना तो पुरा पडत नाही. पांढऱ्या कपड्यांवर त्याची पिवळसर झाक राहू शकते. त्यांना साबण, नीळ आणि कडक ऊन हेच बरे. त्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास झोंबते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. अशाच गुणाच्या वनस्पती ठेचून डोहात टाकायच्या आणि मासे धरायचे, ही रीत जगात अनेक ठिकाणी होती. सॅपोनिन जमिनीत लवकर कुजते हे खरे. पण म्हणूनच ते पाणी ओहोळात किंवा तळीत न सोडता माडाच्या किंवा केळीच्या मुळाशी ओतावे. वनस्पतिजन्य ते सारे निरुपद्रवी, ही समजूत भाबडी आहे. वेष्टनावर रिठ्याचे चित्र छापून आत काय भरले आहे याचा पत्ता लागू न देणाऱ्या मालाची विक्री याच भाबडेपणावर होते.

तेव्हा पावडर उद्यापासून हद्दपार करा, असा आमचा आग्रह नाही. आपल्या हवेत रोजच्या धुण्यातले निम्म्याहून अधिक कपडे केवळ घामाचे आणि धुळीचे असतात. त्यांना रिठा किंवा साधा साबण पुरतो; पावडर तेलकट नि चिखलाच्या कपड्यांपुरती ठेवावी, आणि तीही मोजून. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, एवढे पटले तरी घरातला अर्धा डबा शिल्लक राहील. मात्र हा बदल केवळ बाईच्या मनगटावर लादला जाऊ नये. रिठे फोडणे, उकळणे, गाळणे हे नवे काम तिच्या माथी मारून घरातील इतर मंडळी पर्यावरणप्रेमाची भाषणे करणार असतील, तर तिने पावडरीचाच डबा उघडावा, आणि त्यात तिचा दोष नाही. महिला मंडळांनी व स्वयंसाहाय्य गटांनी वाळवलेली रिठ्याची टरफले आणि भुकटी तयार करून विकली, तर हा भार वाटला जाईल आणि चार घरांना मिळकतही होईल.

त्यासाठी झाडे हवीत. रिठ्याचा वृक्ष दक्षिण भारतातलाच, आपल्या हवेत वाढणारा आहे. पण तो फळावर यावयास कित्येक वर्षे लागतात. आज बागायतीच्या कुंपणावर, देवस्थानाच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानाकडेला लावलेले रोप पुढल्या पिढीच्या कामी येईल. वन खात्याच्या रोपवाटिकांनी शोभेच्या झाडांबरोबर रिठ्याचीही रोपे वनमहोत्सवात द्यावीत. आणि पावडरीच्या पुड्यावर फॉस्फेटचे प्रमाण ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती सरकारने करावी. ग्राहकाला निवड करावयाची तर त्याला आधी माहिती मिळाली पाहिजे.

नळ आले म्हणून पुष्कळांनी विहिरीकडे पाठ फिरविली. पण उन्हाळ्यात नळाला दोन दिवस पाणी आले नाही, की हीच मंडळी कळशी घेऊन विहिरीच्या कठड्याशी उभी राहतात. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, असे आपण म्हणतो. आडात जे आहे ते मात्र पोहऱ्यात आल्यावाचून राहत नाही.