कोर्सवर्क संपले, पुढे काय?

सदर : विद्यापीठाच्या आवारात

मानव्यविद्येतली पीएचडी प्रवेशापाशी अडत नाही आणि व्हायवापाशीही नाही. ‘पेट’ ही प्रवेशपरीक्षा निघते, मुलाखत होते, गाईड मिळतो, कोर्सवर्कचे पेपरही सुटतात. गाडे अडते ते कोर्सवर्कचा निकाल लागल्यानंतर. तोवर कुणीतरी वेळापत्रक लावत होते, हजेरी घेत होते, परीक्षा ठेवत होते. निकालानंतर हाती उरतो एक मंजूर विषय, एक गाईड आणि कागदावरची चार-पाच वर्षे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला निदान रोज प्रयोगशाळेत जावे लागते आणि शेजारच्या टेबलावर सीनियर काय करतोय ते दिसते. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, संस्कृत घेतलेला विद्यार्थी अभ्यासिकेत नाहीतर घरी एकटा बसलेला असतो आणि भेटेल त्याला ‘काम चालू आहे’ म्हणून सांगतो. ते कुठवर आले, हे बहुतेकदा त्यालाही सांगता येत नाही.

दोष विद्यार्थ्याच्या आळसावर ढकलणे सोपे आहे. पण आधी आपण त्याला काय शिकवतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीनुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते, त्यात ५५ टक्के गुण लागतात आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर सक्तीचा असतो. उरलेल्यात मुख्य भाग संशोधन पद्धतीचा. बहुतेक ठिकाणी हा पेपर सगळ्या शाखांना मिळून एकच असतो. नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत, सारणीकरण, गृहीतकांची चाचणी. अर्थशास्त्र किंवा शिक्षणशास्त्राच्या मुलाला हे उपयोगी आहेच. पण महानुभावांच्या पोथ्यांवर काम करणाऱ्या मुलीला सकळ लिपी वाचता यायला हवी. पेशवाईतल्या महसुलावर लिहायचे असेल त्याला मोडी हवी, नाहीतर पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल त्याच्यासाठी बांधलेलेच राहतात. गोव्याच्या सतराव्या शतकात शिरायचे तर पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजशिवाय पाऊल पुढे पडत नाही. ही मुले नमुना निवडीचे प्रकार पाठ करून पास होतात आणि ज्या कागदांवर प्रबंध उभा राहायचा ते वाचायला कुठेतरी स्वतःच शिकतात. पुष्कळदा तेही राहून जाते, मग विषयच असा निवडला जातो की मूळ कागदांपर्यंत जावेच लागू नये.

याचे पडसाद सिनॉप्सिसमध्ये उमटतात. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, प्रकरणांची मांडणी असा ठराविक साचा. कवितेवर काम करणाऱ्यालाही गृहीतके मांडावी लागतात. मग ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांत सामाजिक वास्तवाचे चित्रण आढळते’ अशा धाटणीचे वाक्य गृहीतक म्हणून लिहिले जाते आणि काही वर्षांनी उपसंहारात ते सिद्ध होते. सिद्ध न होण्याची सोयच ठेवलेली नसते. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मराठीतल्या प्रबंधांच्या अनुक्रमणिका उघडून पाहाव्यात. पहिल्या प्रकरणात लेखकाचे जीवन, दुसऱ्यात वाङ्मयप्रकाराचा इतिहास, मग आशय, मग अभिव्यक्ती, शेवटी उपसंहार. उत्तम प्रबंधही त्याच शोधगंगेवर आहेत, पण ते या साच्याला न जुमानता झालेले आहेत.

कोर्सवर्कमधून काय निघू शकते याचा एक दाखला आपल्या घरचाच आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला आणि शंभर वर्षांनंतरही त्याला वगळून जातीवर गंभीर लेखन करता येत नाही. त्यांचा पीएचडीचा विषय मात्र अर्थशास्त्रातला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५मध्ये ग्रंथरूपाने आला, त्याला त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना होती आणि पदवी १९२७मध्ये मिळाली. अशा प्रतिभेशी कुणाची तुलना करण्याचा हेतू नाही. पाहायचे आहे ते त्या वर्गाकडे. तिथे विद्यार्थ्याने विषयाबाहेरचा अभ्यासक्रम घेतला तर कुणी अडवत नव्हते, त्याच्याकडून निबंधाची अपेक्षा होती आणि तो ऐकून प्रश्न विचारणारे लोक समोर होते. आपल्या कोर्सवर्कमध्ये यातले नेमके काय आहे?

आणि जे थोडेफार होते तेही गेले. २०२२च्या नियमावलीने एम.फिल. बंद केले. एम.फिल.वर टीका करायला जागा होती, पण तिथे विद्यार्थी दीड-दोन वर्षांत एक छोटा प्रबंध पुरा करत असे. शंभर-सव्वाशे पानांचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेताना काय हाल होतात, हे त्याला पीएचडीच्या आधीच कळत असे. ही मधली पायरी काढून घेतली. वर चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्याला एम.ए. न करताही पीएचडीचे दार उघडले. याच नियमावलीने प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्तीही काढली. ते बरेच झाले, कारण त्या सक्तीवर पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे दुकान चालत होते. पण तिच्या जागी काही आले नाही. परिणाम असा की कोर्सवर्कची उत्तरपत्रिका आणि अंतिम प्रबंध या दोहोंच्या मध्ये विद्यार्थ्याने लिहिलेले प्रबंधाचे एखादे पान गाईडखेरीज कुणी वाचलेच पाहिजे, असे बंधन नाही.

संशोधन सल्लागार समिती, म्हणजे आरएसी, यासाठीच आहे, असे कुणी म्हणेल. नियमाने विद्यार्थ्याने दर सत्राला तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दहा-बारा स्लाइड, ‘संदर्भसाहित्याचे वाचन सुरू आहे’ हे वाक्य, एखादी सूचना, सह्या आणि चहा. स्लाइडवर युक्तिवाद कधी उघडा पडत नाही, तो परिच्छेदात पडतो. दोन वर्षांनी फेलोशिप जेआरएफच्या ३७ हजारांवरून एसआरएफच्या ४२ हजारांवर जाताना समिती जे मूल्यमापन करते, तेही अनेकदा अशाच स्लाइडवर भागते.

गंमत अशी की नियमावलीत उपाय लिहिलेलाच आहे. विद्यार्थ्याने कोणते अभ्यासक्रम करावेत, हे सुचवण्याचे काम तिने सल्लागार समितीला दिले आहे. म्हणजे इतिहासाच्या मुलाला मोडी किंवा फारसी घ्यायला लावण्यापासून समितीला कुणी रोखलेले नाही. पीएचडीच्या काळात आपल्या विषयातल्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे, असेही तिथे म्हटले आहे. यातले अध्यापन कुठे कुठे होते. लेखनाचे प्रशिक्षण दिले जाते असा विभाग मला विरळाच दिसतो.

तेव्हा मागणी नव्या नियमाची नाही. समितीने पहिल्याच बैठकीत प्रत्येकाला त्याच्या कामाला लागणारी एक लिपी, भाषा किंवा तंत्र ठरवून द्यावे आणि त्याचे क्रेडिट कोर्सवर्कमध्ये धरावे. कोर्सवर्कच्या शेवटी तीन तासांच्या लेखी परीक्षेबरोबर वीस-पंचवीस पानांचा एक निबंध घ्यावा, तो गाईडव्यतिरिक्त दुसऱ्या एका शिक्षकाने वाचून त्यावर लेखी शेरा द्यावा. पुढच्या प्रत्येक बैठकीच्या आठवडाभर आधी विद्यार्थ्याने लिहिलेली पंधरा पाने सदस्यांकडे जावीत आणि चर्चा त्या पानांवर व्हावी. पाने कच्ची असतील तर असू द्यावीत, कच्ची आहेत हे दुसऱ्या वर्षी कळलेले बरे. सिनॉप्सिसमधली गृहीतके मानव्यविद्येसाठी ऐच्छिक करावीत आणि त्या जागी एक खरा प्रश्न लिहायला सांगावे, ज्याचे उत्तर विद्यार्थ्याला आज माहीत नाही.

यावर शिक्षकांची तक्रार ठरलेली आहे की वेळ कुठे आहे. ती खोटी नाही. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात, रिक्त जागांमुळे तासांचा भार वेगळाच. विद्यार्थ्यांमध्येही कित्येक जण तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजे सांभाळतात आणि एसटीत टिपणे काढतात. म्हणूनच हे काम एकट्या गाईडवर टाकता येणार नाही. आठ विद्यार्थ्यांची पंधरा-पंधरा पाने म्हणजे सत्राला एकशे वीस पाने. हा भार समितीच्या सदस्यांत वाटला तर माणशी दोन संध्याकाळीही पुरतात. तेवढे वाचायलाही आपण तयार नसू, तर पुढे तीनशे पानांचा प्रबंध आपण कोणत्या विश्वासाने बहिःस्थ परीक्षकांकडे पाठवतो?

डिसेंबर २०२३मध्ये विधिमंडळाच्या नागपूरच्या अधिवेशनात, पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, अशा आशयाचा सवाल सरकार पक्षाकडून आला तेव्हा संशोधक विद्यार्थी संतापले. त्यांचा संताप रास्त होता, कारण संशोधनावरचा खर्च हा उपकार नव्हे. पण त्या सवालाला फेलोशिपच्या आकड्यांनी उत्तर देता येत नाही. ते चांगल्या प्रबंधांनी द्यावे लागते आणि प्रबंध शेवटच्या सहा महिन्यांत जागून चांगला होत नसतो. तो दुसऱ्या वर्षी कुणीतरी पंधरा कच्ची पाने लक्षपूर्वक वाचल्याने होतो. फेलोशिप वेळेवर मिळावी म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरतात, तसे आपले लिखाण वाचले जावे म्हणूनही त्यांनी विभागप्रमुखांच्या दारात उभे राहायला हरकत नाही. पैशाइतकाच तोही त्यांचा हक्क आहे.

— बहिःशाल