मोडेन, पण वाकणार नाही?

‘मोडेन, पण वाकणार नाही’ या वाक्याचा आम्हां मराठी माणसांना भारी सोस. रत्नागिरीकरांना तर विशेषच. कारण लोकमान्यांचा जन्म इथला, १८५६ सालचा, आणि टिळक आळीतले ते घर पाहुण्यांना दाखवताना आमचा आवाज आपोआप एक पट्टी वर चढतो. चढावाच. माझे भांडण टिळकांशी नाही. टिळकांच्या चरित्रातली टरफले तेवढी वेचणाऱ्यांशी आहे.

दर १ ऑगस्टला शाळेत वक्तृत्वस्पर्धा होते. शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफले उचलायला नकार देणारा बाळ एकामागून एक भाषणांत येतो आणि टाळ्या घेऊन जातो. याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी, १८६६ साली गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. त्यांचीही शाळेतली एक गोष्ट सांगतात. दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या गणितांबद्दल गुरुजींनी शाबासकी दिली, तेव्हा हा मुलगा रडू लागला. आता रडणाऱ्या मुलाला टाळ्या कोण देणार? त्यांची पुण्यतिथी १९ फेब्रुवारीला. त्या दिवशी शिवजयंतीची मिरवणूक असते, त्यामुळे आमची त्यातूनही सुटका होते!

पालक येतात आणि म्हणतात, “गुरुजी, आमचा पोरगा फार मऊ आहे हो, ज्याच्याजवळ बसेल त्याच्यासारखा होतो. त्याला जरा घट्ट करा.” असा मुलगा प्रत्येक वर्गात एखादा असतोच. बाक बदलला की त्याच्या अक्षराचे वळण बदलते. पेटीवर एकदा ऐकलेली चाल तो उचलतो, मालवणच्या पाहुण्याशी दोन दिवसांत मालवणी बोलतो. आणि तंबाखूची पुडीही सगळ्यांआधी त्याच्याच खिशात सापडते. हे खोटे कशाला बोलू? आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांची जात हीच. मी सावकाराचे प्रकरण लिहीत होतो, तेव्हा वाण्याची वही तीनतीनदा तपासू लागलो होतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

पण मऊ मन म्हणजे कणा नसलेले मन, हे समीकरण कोणी मांडले? गोखल्यांचेच पाहा. विशीत ते न्यायमूर्ती रानड्यांच्या हाती पडले आणि १९०१ साली रानडे वारेपर्यंत त्यांचेच वळण गिरवीत राहिले. आकडे तपासून घेणे, तोलून लिहिणे, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी ऐकून घेणे ही सारी शिस्त तिथली. १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे सरकारी खर्चाचे माप त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी काढले, ती या शिष्यपणाची कमाई.

आणि त्याच साली, त्याच विलायतेत, या स्वभावाची किंमतही त्यांनी मोजली. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या सोल्जरांच्या अत्याचारांची पत्रे त्यांना इकडून गेली. माणसे विश्वासाची, म्हणून मजकूरही खरा मानला आणि गोखल्यांनी तो तिथे जाहीर सांगितला. परत आल्यावर पुरावा देता येईना. त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. इकडे टिळक राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाच्या सक्तमजुरीवर गेले. त्या तुरुंगवासाशेजारी ही माफी ठेवून पुण्याने गोखल्यांची जी छी-थू केली, तिचा वास अजून गेलेला नाही. ऐकीव गोष्टीवर चटकन विश्वास बसणे हा मऊ मनाचा दोष, तो मी पदरात घेतो. परंतु वाचकहो, पत्रे पाठवणाऱ्यांची नावे या ‘मऊ’ माणसाने उघड केली नाहीत. सगळा मार एकट्याने खाल्ला. याला वाकणे म्हणता?

पुढे १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल यांनीच आणले. पुढल्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. मी ज्या मुलांना शिकवतो त्यांच्यासाठी लढून हरलेला पहिला माणूस हा. १९१४ साली ‘सर’ ही पदवी चालून आली, तीही यांनी नाकारली. उलट ज्यांना तुम्ही पाषाण करून चौकात उभे केलेत, त्या टिळकांनी १९१६ साली लखनौला मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ मान्य करून लीगशी करार घडवला. वाकलेच की ते! आणि वाकले म्हणून काही लहान झाले नाहीत.

हल्ली दुसरेही एक टोक निघाले आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे भरतात आणि तिथे फी घेऊन सांगतात की लवचिक व्हा, पाणी व्हा, कोणत्याही भांड्यात मावा. भांडे कोणाचे, हे विचारायचे नाही. रानड्यांच्या तालमीत चौदा वर्षे घासून निघालेल्या माणसाचा आणि या उघड्या गटारपाण्याचा काय संबंध?

यंदाच्या स्पर्धेला ‘गोखल्यांची माफी’ हा विषय ठेवावा, असे मी शिक्षकांच्या बैठकीत सुचवले. सहकारी म्हणाले, “१ ऑगस्टला हा विषय? भलतेच!” मग १९ फेब्रुवारी म्हटले, तर त्या दिवशी लेझीम पथक हवे. तारीख अजून ठरायची आहे.