शस्त्रक्रिया दोन तासांची, जबाबदारी जन्माची

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आता केवळ धनिकांपुरती राहिलेली नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांमुळे, ठरावीक निकषांत बसणाऱ्या रुग्णांना तिच्यासाठी विम्याचा आधार मिळू शकतो. हे स्वागतार्हच आहे. मधुमेह आटोक्यात आणण्याचे या शस्त्रक्रियेचे सामर्थ्य आता सर्वमान्य झाले आहे. प्रश्न आहे तो पुढचा. जठर लहान केल्यावर उरलेल्या आयुष्यात शरीराच्या पोषणाची काळजी वाहायची कोणी?

लोह आणि कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जातात. ‘बायपास’मध्ये अन्न नेमका तोच भाग टाळून पुढे जाते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास जठरातील आम्ल आणि तेथेच स्रवणारे एक प्रथिन लागते. जठराचा मोठा भाग कापून काढणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत या दोहोंचे प्रमाण घटते. म्हणजे ही उणीव अपघाताने येत नाही. ती शस्त्रक्रियेच्या रचनेतच आहे.

ती कळते मात्र उशिरा. यकृतातील ब-१२चा साठा कित्येक महिने, कधी काही वर्षेही पुरतो. वजन उतरलेले असते, रुग्ण समाधानी असतो, गोळ्या हळूहळू सुटतात. मग थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, तोल जाऊ लागतो. अशा वेळी पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या डॉक्टरने नुसते लोह व फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारल्याचा भास होतो आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. ती पुढे भरून येईलच असे नाही. याउलट ब-१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील, तर थेट मेंदूवर आघात होऊ शकतो. आपल्याकडील शाकाहारी माणसात ब-१२ची कमतरता बहुधा आधीचीच असते, हे ध्यानात घेता धोका अधिकच वाढतो.

रुग्णच निष्काळजी असतात, असे यावर म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम विभागून घ्यावयाचे, लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर ठेवावयाची आणि हे जन्मभर करावयाचे, याची स्पष्ट कल्पना संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी दिली जाते काय? शिवाय विमा शस्त्रक्रियेचे बिल भागवतो. घरी गेल्यानंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच. वर्षानुवर्षांच्या रक्ततपासण्या आणि गोळ्या रुग्णाच्या खिशातून.

१९५० नंतरच्या दोन दशकांत पाश्चात्त्य देशांत आतड्याचा बराच भाग वगळणारी शस्त्रक्रिया रूढ झाली होती. वजन उतरले; पण कुपोषण आणि यकृताचे विकार इतके बळावले की ती सोडून द्यावी लागली. आजच्या पद्धती तिच्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहेत, पण त्या पूरक औषधे आणि नियमित तपासणी चालू राहील या गृहीतावर.

तेव्हा पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी, कोणत्याही डॉक्टरला दाखवता येईल असे शस्त्रक्रियेची माहिती देणारे पत्रक आणि या पाठपुराव्याचा खर्च विम्यात, एवढे तरी शस्त्रक्रियेचाच भाग मानले गेले पाहिजे. ज्याला हे देता येत नाही, त्याने शस्त्र हाती घेऊ नये.