तिथी पाहून समुद्रावर या

गेल्या काही वर्षांत व्हिएतनाम आपल्या मध्यमवर्गीय घरांत चांगलेच रुळले आहे. मुंबईहून थेट विमाने सुरू झाली, सहलीचे हप्ते परवडू लागले आणि दिवाळीच्या सुट्टीत निम्मे नातेवाईक हनोईला निघाले. ते परत आले की हा लाँग उपसागराचे फोटो हमखास बघायला मिळतात. हिरव्या पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके, त्यांच्या पोटातल्या गुहा, मधून वाट काढणाऱ्या नावा. दीड हजाराहून अधिक बेटांचा हा पसारा १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तो सुंदर आहे यात शंका नाही. फोटो दाखवून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्या मालवणात असं काही बघायला आहे का? आणि कधी यायचं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आहे, भरपूर आहे. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र मला थोडा वेळ लागतो, कारण विचारणारा सुट्टीची तारीख ठरवून बसलेला असतो आणि माझ्यासमोर पंचांग असते. आमचा समुद्र नीट बघायचा तर बेत त्याच्या वेळापत्रकाने आखावा लागतो. तसा आखला तर तो भरभरून दाखवतो, आणि दाखवण्याजोगा टिकतोही.

आधी महिने बघू. जूनपासून समुद्र बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, पर्यटकांच्या बोटी तर मे महिन्याच्या अखेरीसच किनाऱ्यावर ओढल्या जातात. नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, पण त्यानंतरही पाणी निवळायला वेळ लागतो. नद्यांनी आणलेला गाळ खाली बसायला हवा, लाटांचा जोर उतरायला हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांत चांगला काळ. त्यातही नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळावा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा असते. तिची तारीख आधीपासून छापलेली नसते, देवीच्या कौलाने ठरते. त्या दिवसांत लाखो भाविक या तालुक्यात येतात. जत्रेलाच यायचे असेल तर जरूर यावे, पण समुद्र बघायला येणाऱ्यांनी तारीख जाहीर झाल्यावरच आपले आरक्षण करावे. कोकण रेल्वेने येणार असाल तर कुडाळला उतरणे सोयीचे.

आता तिथी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ घड्याळाशिवाय कळते. हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे गणित ढोबळ आहे, बंदरागणिक अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचा छापील तक्ताही पाहावा. पण सहलीचा दिवस निवडायला एवढे पुरते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाणी खूप चढते, खूप उतरते आणि जाता-येता ओढ धरते. तळाची वाळू ढवळली जाते. सप्तमी, अष्टमी, नवमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी आणि पाणी शांत. मुखवटा लावून पाण्याखालचे बघायचे असेल तर हे दिवस धरावेत. शिवाय अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, ऊन डोक्यावर असते आणि उजेड तळापर्यंत पोचतो. उलट देवबागच्या संगमावर कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा जो पट्टा वर येतो, ज्याला आता सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतात, तो मोकळा बघायला उधाणाची खोल ओहोटी चांगली. पौर्णिमेला ती संध्याकाळी पाचच्या सुमारास असते. एकाच दिवसात दोन्ही साधायचा हट्ट धरला की दोन्ही अर्धवट राहतात.

सगळे जुळून आले तरी शेवटचा शब्द नावाड्याचा. मध्यंतरी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन सकाळीच बंदरावर गेले होते. आकाश निरभ्र, समुद्र वरून निळाशार. ओळखीच्या काकांना विचारले, "काका, पाणी कसा आसा?" त्यांनी किल्ल्याच्या बाजूला एकदा पाहिले आणि मान हलवली. "आज नको गो बाय. वारो सुटलो हा, पाणी गढूळ आसा." त्या दिवशीचे भाडे त्यांनी आपणहून सोडले. पाहुणे थोडे हिरमुसले, पण अशा माणसाच्या होडीत दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरच्या लहान मुलांनाही निर्धास्त बसवते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. जुलै २०२५ मध्ये हा लाँगमध्येच अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक माणसे दगावली. समुद्र कुठलाही असो, तो परवानगी देईल तेव्हाच आत जायचे. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था रोजच्या लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज देते, तो बघावा. जीवरक्षक जॅकेटचे बंद नीट बांधावेत, आणि नावाडी "नको" म्हणाला तर दुसरी बोट शोधू नये.

आता काय बघायचे. पहिला मान सिंधुदुर्गाचा. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली, आणि तीन वर्षांत अठ्ठेचाळीस एकरांचा जलदुर्ग उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांनी बांधकाम पाहिले. पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले. जागेची निवडच विलक्षण आहे. बेटाभोवती पाण्याखाली इतके खडक आहेत की वाट माहीत नसलेले जहाज तटापर्यंत पोचूच शकत नाही. महादरवाजा तटाच्या वळणात असा लपवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारे पाणी असताना. राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. दरवाजाजवळच्या छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते महाराजांचे असल्याचे परंपरा सांगते. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात. तो किल्ल्याला पुरत नाही. निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे, थोडे जास्त पैसे द्यावे आणि तटावरून निवांत फिरावे.

महाराजांनी गड उभारायला जे खडक हेरले, त्याच खडकांवर आज या खाडी-समुद्राची दुसरी श्रीमंती आहे. आमच्याकडे हा लाँगसारखे चुनखडीचे सुळके नाहीत, किनाऱ्यावर जांभ्याचे सडे आहेत. पण चुनखडी तयार करण्याचे काम इथे पाण्याखाली आजही चालू आहे. ते काम प्रवाळांचे. हा लाँगचे डोंगर ज्या चुनखडीचे झाले, तीही तीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात, शिंपले आणि प्रवाळांसारख्या जीवांच्या सांगाड्यांतून साचत गेलेली आहे. तिथे माणसे त्या कामाचा जुना अवशेष बघायला जातात. इथे ते काम करणारे जीवच बघायला मिळतात.

पाण्यात तोंड घातले की आधी काही कळत नाही. हिरवट धुके दिसते. मग डोळे सरावतात आणि खाली एक पिवळट तपकिरी गोल दगड दिसू लागतो. त्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दाटीवाटीने बसलेली असतात. एकेका छिद्रात एकेक जीव. आपल्या शरीराखाली तो चुना साठवत जातो आणि त्या चुन्यावर पुढची पिढी बसते. पोरायटीस जातीचे हे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. म्हणजे हातभर उंचीचा गोळा दिसला तर तो माझ्या पिढीच्या आधीपासून तिथे आहे असे समजावे. पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे त्याच्या भोवती घुटमळतात, त्याच्याच फटीत लपतात. त्यावर एक लोखंडी नांगर पडला की पन्नास वर्षांचे काम एका क्षणात दुभंगते. कुणी पोहताना दमून त्यावर पाय टेकले तरी वरचा जिवंत थर मरतो. पाणी फार तापले तर तो पांढराफटक पडतो.

म्हणूनच १३ एप्रिल १९८७ रोजी हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला साडेतीन चौरस किलोमीटरपेक्षा कमी भाग गाभ्याचा, आणि सिंधुदुर्ग व पद्मगड त्यातच येतात. या घोषणेला इथल्या मच्छीमारांनी विरोध केला, आणि तो समजून घेतला पाहिजे. रापण ओढणाऱ्या, छोट्या होडीतून जाळे टाकणाऱ्या गाबीत कुटुंबांचे पोट याच पाण्यावर आहे. त्यांना बंदी आणि पर्यटनाला मोकळे रान, असा अर्थ लागला तर कुणाला पटेल? त्यातून पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीशी त्यांचा झगडा चालूच आहे. प्रवाळ जगले तर माशांची पैदास होते आणि ती पैदास त्यांच्याच जाळ्यात येते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. त्यांना निर्णयात बरोबर घ्यायची गरज आहे.

बेटेच बघायची असतील तर निवतीला जावे. तिथून समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची रांग आणि दीपगृह दिसते, सकाळच्या शांत पाण्यात डॉल्फिनही भेटतात. वेंगुर्ल्यापासून सुमारे १४ किलोमीटरवरच्या या खडकांच्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. हा पक्षी आपल्या लाळेने घरटे बांधतो. पूर्व आशियात त्या घरट्यांचे सूप करतात आणि त्याला मोठा भाव येतो, त्यामुळे इथून घरटी चोरून नेली जात होती. २००१ च्या सुमारास ही तस्करी उघडकीला आली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्यानंतर या वसाहतीचा अभ्यास आणि राखण केली. ही बेटे लांबूनच बघावीत. गुहेत शिरायचा आग्रह धरू नये, विशेषतः फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत, पाकोळ्यांच्या विणीच्या काळात.

आणखी एक जागा आहे, जिथे आपण जायचे नाही, पण ती आहे एवढे माहीत असावे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्राच्या पोटात आंग्रिया बँक नावाचे पठार आहे. सुमारे चाळीस किलोमीटर लांब, माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. प्रवाळांनी रचलेले हे बुडालेले बेटच. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले आहे. आपल्या किनाऱ्याची खरी चुनखडीची बेटे बघायची तर ती तिथे, लाटांच्या खाली आहेत.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, २०२१ मध्ये चिपीला विमानतळ आला. माणसे येणारच, आणि यावीत. इथल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. मागणे एवढेच आहे की प्रवाळांच्या जागी बोटींना बांधायला कायमचे तरंगते बोये बसवावेत, म्हणजे नांगर टाकावाच लागणार नाही. एका वेळी एका जागी किती बोटी, याची मर्यादा मच्छीमारांच्या आणि होडीवाल्यांच्या संस्थांनी बसून ठरवावी आणि प्रशासनाने ती पाळून घ्यावी. माशांना पाव आणि बिस्किटे टाकून फोटो काढायची पद्धत बंद व्हावी.

ते होईपर्यंत काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. खोली आरक्षित करण्याआधी तिथी बघा. एक दिवस मोकळा ठेवा, म्हणजे समुद्राने नकार दिला तर घाई होणार नाही. बोटीत बसण्यापूर्वी विचारा, "नांगर कुठे टाकणार?" वाळूत टाकतो म्हणणाऱ्याचीच बोट घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. गिऱ्हाईक हा प्रश्न रोज विचारू लागले, तर बंदरावरची पद्धत एका हंगामात बदलेल.