राजदूतच्या चेंबरवरचा राखाडी थर

बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा लागते. आसपास सास्ती, धोपटाळा, गोवरी, पोवनीच्या कोळसा खाणी. पुढे गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांकडे जाणारा रस्ता. या भागात वर्षानुवर्षे धावलेली एखादी राजदूत गोठ्यातून बाहेर काढली की तिच्या इंजिनावर सारा तालुका चिकटलेला दिसतो. तळाशी तेलात मुरलेली कोळशाची काळी भुकटी, वरून सिमेंटची राखाडी खपली.

एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या ‘एसएचएल एम ११’ या मोटारसायकलवरून १९६०च्या दशकात राजदूत बनवायला घेतली. १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटातली छोटी राजदूत सगळ्यांना आठवते. पण दुधाचे कॅन आणि खताची पोती वाहिली ती मोठ्या राजदूतने, १७३ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या जोरावर. तीच आता हौसेने पुन्हा बांधली जाते, आणि बहुतेकांना घाई असते ती चेंबर चकचकीत करण्याची.

इथेच इंजिनाचा घात होतो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचा चेंबर म्हणजे नुसते झाकण नाही, तो एक पंप आहे. पेट्रोल, तेल आणि हवेचे मिश्रण आधी या कप्प्यात येते, पिस्टन खाली उतरताना दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. चेंबरचे दोन अर्धे जिथे जुळतात, त्या कडेवर जुने पॅकिंग काढताना पटाशीचा एक ओरखडा उठला तरी तिथून हवा खेचली जाते. हवा वाढली की मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि भर उन्हात गाडी जाम होते. म्हणून जाणता मिस्त्री पॅकिंग आधी तेलात भिजवून मऊ करतो आणि लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सोलतो.

काळा थर तसा सोपा असतो. मातीचे तेल, ब्रश आणि दोन दिवसांचा धीर एवढ्यावर तो सुटतो. अवघड असते ती राखाडी खपली. सिमेंट भिजले की त्याचा सामू १२च्या वर जातो, आणि इतके तीव्र अल्क ॲल्युमिनियमला खाते. पावसाळ्यांमागून पावसाळे ही धूळ ओली होत राहिली, तर खपलीखाली पांढुरके डाग आणि बारीक खड्डे सापडतात. तिच्यावर लिंबूसत्त्वाचे पातळ पाणी थोडा वेळ लावून लगेच भरपूर पाण्याने धुणे बरे.

कॉस्टिक सोड्याची बादली मात्र जवळही आणू नये. तोही अल्कच, ॲल्युमिनियम त्यात फसफसते, हायड्रोजन वायू सुटतो आणि धातूच विरघळू लागतो. वाळूचा फवारा झटपट पांढरे करून देतो, पण तिचे कण आटे आणि तेलाच्या बारीक वाटांत अडकून राहतात आणि पुढे बेअरिंग खातात. शिवाय ती कोरडी धूळ फवारा मारणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. चेंबरवर ठोकलेला इंजिन नंबरही या फवाऱ्यात पुसट होऊ शकतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि तपासणीत हाच नंबर पाहिला जातो. घासण्याआधी त्याचा फोटो काढून त्यावर जाड टेप लावण्यात पाच मिनिटे जातात.

बेअरिंग काढायची वेळ धुलाईनंतर येते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. चेंबर सगळीकडून सारखा गरम केला आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब तडतडला की बेअरिंग सहसा हातोड्याविना खाली येते. तेलकट चेंबर तापवला तर शेड धुराने भरते आणि छिद्रांत मुरलेला मळ भाजून पक्का होतो.

शेवटी साबणाचे गरम पाणी, प्रत्येक भोकातून कॉम्प्रेसरची हवा, मग ऊन. बाहेरून चेंबर चांदीसारखा नाही, मळकट करडाच दिसतो. जोडणीच्या कडेवरून मिस्त्री नख फिरवत जातो. कुठे नख अडकले, तर त्या दिवशी इंजिन बांधले जात नाही.