आंघोळीच्या पाण्याचा धूर

जालना जिल्ह्यात घर तापवावे लागत नाही, पाणी तापवावे लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर उतरला की परसातल्या चुलीवर हंडा चढतो आणि धूर गल्लीभर रेंगाळतो. 2016च्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी गरिबाच्या घरी पोचवली; तिच्यावर चहा होतो, भाजी होते. पण आंघोळीचे पाणी सिलिंडरवर तापवणे जिवावर येते. ते पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवरच तापते. कापूस-तुरीच्या मुलखात हे सरपण फुकटचे, म्हणून त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

हिशेब असा. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर न्यायला सुमारे 0.35 युनिट इतकी उष्णता पुरते. उघड्या चुलीत सरपणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्यात उतरतो, असे धरले तर बादलीमागे पाऊण किलो वाळल्या पऱ्हाट्या जळतात. पाच माणसांच्या घरात रोजचे चार किलो. जुना तांब्याचा बंब यापेक्षा शहाणा होता: मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, त्यामुळे आच वाया कमी जाई. बहुतेक बंब मोडीत गेले. त्यांच्या जागी आलेला दीड हजार वॉटचा रॉड पाव तासात बादली तापवतो, पण वीज असली तरच, आणि ओल्या न्हाणीत तो जोखमीचाही असतो.

ऊन मात्र इथे मुबलक आहे. शंभर लिटरचा सौरबंब चार-पाच माणसांना पुरतो. अडचण उन्हाची नाही, छताची आणि पाण्याची आहे. धाब्याच्या किंवा पत्र्याच्या घरावर भरलेल्या टाकीचे वजन टाकता येत नाही. शेजारी वेगळा लोखंडी सांगाडा उभारावा लागतो. बोअरचे पाणी जड असेल तर काचेच्या नळ्यांत आणि टाकीत क्षारांचा थर बसतो, पाणी कोमट येऊ लागते आणि घरमालक यंत्राला नावे ठेवतो. त्या नळ्या काढून साफ करणारा माणूस गावात असणे अनुदानापेक्षा महत्त्वाचे. केंद्राने सौरबंबांचे अनुदान 2014मध्ये थांबवले. 2024च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपये मिळतात, पण ते विजेच्या पॅनेलसाठी. ज्या घराचा प्रश्न पाच बादल्यांचा आहे, त्याला आधी तीन किलोवॉटचा रस्ता दाखवणे हा उलटा कारभार झाला.

गोबरगॅसने पाणीही तापते आणि भाकरीही होते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि जवळपास तितकेच पाणी लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. 2012-13सारख्या दुष्काळात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तिथे शेण कालवायला पाणी कुठले?

एकेका घराला न झेपणारे काम गावाला झेपते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात ग्रामपंचायतीने गावकऱ्यांसाठी सौरऊर्जेवर गरम पाण्याची सामाईक सोय केली आणि कर भरणाऱ्यांना दळण फुकट दिले. सुविधा आणि घरपट्टी यांची अशी गाठ घातली की वसुलीही होते आणि देखभालीला पैसाही राहतो. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने तर सरपणाचा नियमच गावपातळीवर आणला. मराठवाडा शेती साह्य मंडळाच्या मदतीने 1996मध्ये तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम सुरू झाले. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या त्या कार्यक्रमाच्या अटीच होत्या. कुऱ्हाडबंदी म्हणजे शेवटी चुलीवरचा निर्णय, आणि तो घरोघरी नव्हे, गावाने मिळून घ्यायचा असतो.

गावाने ठरवले तरी लोकांना पटवावे लागते, आणि त्या कामात पहिला सौरबंब कुणाच्या घरी बसतो, याला फार महत्त्व असते. सरपंचाच्या स्लॅबवर बसला तर ‘त्यांना परवडतं’ एवढ्यावर विषय संपतो. तोच बचत गटातल्या बाईच्या घरी हप्त्यावर बसला, तर शेजारणी नळाखाली हात धरून बघतात, हप्ता विचारतात, ढगाळ दिवशी काय करता हेही विचारतात. ढगाळ दिवशी चूल लागतेच, हे तिनेच सांगितलेले बरे. अशी पाहणी ऐन थंडीत, कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या आधी व्हावी. पऱ्हाट्या उपटून घरामागे रचल्या गेल्या की पुढच्या हिवाळ्याचे सरपण ठरून जाते.