इंजिन साठच्या दशकातले, डबे एकविसाव्या शतकातले

संपादक महोदय,

‘प्रतिकृती देखणी असली की पुरे’ हे आपल्या पुरवणीतील लेखाचे मत पटत नाही. १९७०च्या सोलापूर स्थानकाच्या देखाव्यात डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनामागे एलएचबी डबे जोडणे चूकच. ते इंजिन १९६२ पासूनचे. हे डबे भारतात आले २०००च्या सुमारास. तिथे पेरांबूरचे आयसीएफ डबेच हवेत, तेही गडद तांबडे.

बार्शी लाइट या जुन्या अरुंदमापी रेल्वेवर तर हे इंजिन उभेच राहू शकत नव्हते. तिचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे होते, इंजिन १६७६ मिलिमीटरच्या रुळांचे! १:८७ प्रमाणाच्या प्रतिकृतीत तिला बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ जवळपास अचूक बसतो. आमच्या भागातील मुलांनी बार्शी लाइट पाहिलेली नाही. ती प्रतिकृतीलाच खरे मानतील. दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, जळकोट (जि. धाराशिव)